धुराचा दरवाजा

विस्तव सापडला त्या दिवशी माणसाचे अर्धेच काम झाले होते. उरलेले अर्धे चुलीने केले. शक्ती हाती येणे आणि ती आटोक्यात राहणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीला बहुधा अधिक काळ लागतो. एंजिनाला जादा बळ देणाऱ्या टर्बोचार्जरची कथा हेच सांगते.

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त धुराबरोबर केवढी तरी शक्ती वाया जाते, हे ओळखून आल्फ्रेड ब्यूखी या तरुण स्विस एंजिनिअरने 1905 साली एक पेटंट घेतले. धुराच्या झोतावर पात्यांचे एक चाक फिरवायचे. त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून एंजिनात कोंबायची. हवा जास्त, म्हणून इंधनही जास्त जळणार आणि बळ वाढणार. हे प्रत्यक्षात उतरवून डीझेल एंजिनाचे बळ सुमारे 40 टक्क्यांनी वाढवायला त्याला 1925 साल उजाडले.

दरम्यान विमानांना उंचावरच्या विरळ हवेत धाप लागू लागली होती. 1918 साली अमेरिकेत डॉ. सॅनफर्ड मॉस यांनी एक विमानाचे एंजिन पाईक्स पीक या 14,109 फूट उंच पर्वतावर नेले. खाली 350 अश्वशक्ती देणारे ते एंजिन शिखरावर 230 वर आले होते. टर्बो जोडताच ते 356 वर गेले!

पण येथेच मेख होती. बळ वाढले की धूर वाढतो, धूर वाढला की चाक जोराने फिरते, ते जोराने फिरले की आणखी हवा कोंबली जाते. हे चक्रवाढ व्याजच! वेळीच आवरले नाही, तर पिस्टन वितळतो किंवा चाकाच्या ठिकऱ्या उडतात. यावरचा उपाय पाणचक्कीवाल्याला पूर्वीपासून ठाऊक होता. चक्की बेफाम झाली, तर तो जात्याला हात घालत नाही. पाटाचे दार उघडून पाणी बाजूने सोडून देतो. तसेच चाकाआधी एक झडप ठेवून जादा धूर परस्पर बाहेर सोडायचा. ही झडप म्हणजेच वेस्टगेट.

पण ती उघडायची कोणी? आरंभी वैमानिक हाताने दांडा ओढी. दुसऱ्या महायुद्धातील बी-17 बाँबफेकी विमानांत हे काम तेलाच्या दाबावर चालणाऱ्या नियामकाकडे आले. परंतु उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत तेल गोठू लागे आणि झडप वेळेवर हलेना. एंजिन बिघडून थव्यामागे रेंगाळलेले विमान म्हणजे शत्रूच्या हाती आयते सापडलेले सावज! अखेर हनीवेल कंपनीचा विद्युत्-नियामक आला आणि चारही एंजिनांची हवा एका चकतीने आवरता येऊ लागली.

प्रवासी मोटारींत टर्बो आला 1962 साली. ओल्डस्मोबाइल जेटफायर या गाडीत वेस्टगेट होते. त्यामागची युक्ती मोठी गमतीची आहे. कोंबलेली हवाच एका बारीक नळीने एका पडद्यामागे आणायची. दाब वाढला की पडदा स्प्रिंगला रेटतो आणि धुराचा दरवाजा उघडतो. हवेला हवाच आवरते! परंतु जेटफायरच्या टाकीत पाणी व मेथॅनॉल यांचे मिश्रण वेळोवेळी भरावे लागे. मालक ते विसरत. 1963 नंतर ती गाडी बंद झाली.

पुढे 1977 साली स्वीडनच्या साब कंपनीने रोजच्या वापराची टर्बो गाडी दाखवली. शर्यतवाल्यांना मात्र संयम कुठला? पडद्याच्या नळीवर त्यांनी हवेचा रेग्युलेटर बसवला. तो पडद्यापर्यंत थोडाच दाब पोचू देतो. पडदा फसतो, दरवाजा उशिरा उघडतो आणि बळ वाढते. ती नळी निसटली, तर दरवाजा बंदच राहतो आणि एंजिनाचा घात होतो. फॉर्म्युला वनमध्ये दीड लिटरच्या एंजिनातून हजाराहून अधिक अश्वशक्ती निघू लागली, तेव्हा नियामक मंडळाने 1987 साली दाबावर 4 बारची व 1988 साली अडीच बारची मर्यादा घातली. 1989 साली टर्बोला बंदीच झाली.

साबने निराळी वाट धरली. 1982 पासून तिच्या गाड्यांत एंजिनाला जणू कान आला: आतला ठोका ऐकू येताच वेस्टगेटचा दाब आपोआप कमी होई. चालकाने काही लक्षात ठेवण्याचे कारणच उरले नाही.

दिवाळीला गावी निघालेली तुमची गाडी घाट चढू लागली, की यंत्रातला एखादा असाच द्वारपाल, आज बहुधा संगणकाच्या हुकमाने, किती धूर कामाला लावायचा आणि किती सोडून द्यायचा, हे क्षणाक्षणाला ठरवीत असतो. ब्यूखीचे नाव ग्रंथांत आहे. द्वारपाल घडवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे नाहीत. पण मुलेबाळे मागच्या बाकावर निवांत झोपतात, ती त्यांच्याच भरवशावर.