ग्रीष्म व हिवाळी विद्यालये, आंतरराष्ट्रीय

ग्रीष्म व हिवाळी विद्यालये, आंतरराष्ट्रीय : विद्यापीठांच्या सुटीच्या काळात निरनिराळ्या देशांतील पदव्युत्तर विद्यार्थी, तरुण संशोधक व ज्येष्ठ शास्त्रज्ञ यांना काही आठवडे एकत्र ठेवून एखाद्या विषयाचे प्रगत अध्यापन करणारी निवासी विद्यालये. परिषद व विद्यालय यांत महत्त्वाचा भेद आहे. परिषदेत प्रत्येक जण आपले नवे संशोधन थोड्या वेळात मांडतो आणि ते ऐकणाऱ्याला विषय अवगत आहे, असे गृहीत धरलेले असते. विद्यालयात एकच अध्यापक अनेक दिवस क्रमाने व्याख्याने देतो आणि विषय मुळापासून उभा करतो. अशी विद्यालये आज जवळजवळ सर्व ज्ञानशाखांत भरतात. तथापि त्यांचे आजचे रूप मुख्यत: विसाव्या शतकाच्या मध्यास भौतिकीत घडले. त्यामुळे प्रस्तुत नोंदीत त्या इतिहासावर भर दिला आहे.

पूर्वपीठिका : सुटीतील अध्यापनाची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. स्कॉटलंडमधील जीववैज्ञानिक व नगररचनाकार ⇨ पॅट्रिक गेडीस (१८५४–१९३२) यांनी १८८७ पासून एडिंबरो येथे ग्रीष्मकालीन संमेलने भरविली. तेथे फ्रेंच भूगोलज्ञ एलीझे रक्ल्यू यांच्यासारखे परदेशी विद्वान व्याख्याने देत. वनस्पतिविज्ञान, भूगोल, इतिहास व समाजशास्त्र हे विषय परस्परांपासून अलग न ठेवता शिकविणे, हा गेडीस यांचा हेतू होता. पुढे ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले (१९१९–२४). तत्पूर्वी १९१७ मध्ये त्यांनी दार्जिलिंग येथेही असे एक संमेलन भरविले होते व त्यात जगदीशचंद्र बोस आणि रवींद्रनाथ टागोर यांचा सहभाग होता.

पहिल्या महायुद्धानंतर या कल्पनेला राजकीय आशय आला. स्वित्झर्लंडमधील डाव्होस हे क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. उपचारांसाठी तेथे महिनोन् महिने राहणाऱ्या विद्यार्थ्यांचे शिक्षण खंडित होई. त्यांची सोय व्हावी आणि फ्रेंच व जर्मन विद्वानांतील दुरावाही कमी व्हावा, या हेतूने १९२८ ते १९३१ या काळात तेथे हिवाळ्याच्या अखेरीस विद्यापीठीय अभ्यासवर्ग भरले. पहिल्या वर्षी आइन्स्टाइन यांचे व्याख्यान झाले. १९२९ मध्ये एर्न्स्ट कासीरर व मार्टिन हायडेगर यांच्यात कांटच्या तत्त्वज्ञानाविषयी झालेला वाद तर तत्त्वज्ञानाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. हे वर्ग चारच वर्षे टिकले. याच सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने ॲन आर्बर येथे सैद्धांतिक भौतिकीचे उन्हाळी वर्ग चालविले. तेथे १९३० साली ⇨ एन्रीको फेर्मी यांनी प्रारणाच्या पुंज सिद्धांतावर दिलेली व्याख्याने १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि हा दुर्गम समजला जाणारा विषय एका संपूर्ण पिढीला सुगम झाला. यूरोपातील नवी भौतिकी अमेरिकेत रुजविण्यात या वर्गांचा वाटा मोठा आहे.

लेझूश : दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची स्थिती काहीशी विपरीत होती. ज्या देशात बेक्रेल, क्यूरी दांपत्य व द ब्रॉग्ली यांनी कार्य केले, त्याच देशातील विद्यापीठांत पुंजयामिकीचे पद्धतशीर अध्यापन जवळजवळ होत नव्हते. अध्यासने मोजकी, अभ्यासक्रम जुना आणि युद्धकाळात बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. ही उणीव सेसील मॉरेत (विवाहोत्तर सेसील दविट-मॉरेत, १९२२–२०१७) या तरुण गणिती भौतिकीविज्ञ स्त्रीने हेरली. नॉर्मंडीतील कां या शहरात तिचे बालपण गेले. ६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या सैन्याने नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरण्यास प्रारंभ केला, त्या दिवशी ती परीक्षेसाठी पॅरिसमध्ये होती. त्याच दिवशी कांवर झालेल्या बाँबवर्षावात तिची आई, आजी व बहीण मृत्युमुखी पडल्या. पुढे डब्लिन, कोपनहेगन व प्रिन्स्टन येथे काम करताना अन्यत्र काय शिकविले जाते आणि आपल्या देशात काय शिकविले जात नाही, हे तिला प्रत्यक्ष दिसले.

प्रिन्स्टन येथे अमेरिकन भौतिकीविज्ञ ब्राइस दविट यांनी तिला विवाहाविषयी विचारले. परदेशी व्यक्तीशी विवाह केल्यास मायदेशी परतणे कठीण होणार, हे उघड होते. तेव्हा देश सोडण्याची भरपाई म्हणून फ्रान्समध्ये उन्हाळी विद्यालय स्थापण्याचा तिने निश्चय केला. १९५१ मध्ये विवाह झाला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विद्यालयाचे पहिले सत्रही भरले. ब्राइस दविट यांनी १९५१-५२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काही काळ काम केले. संस्थापिकेचे पुढील आयुष्य मुख्यत: अमेरिकेत गेले, तरीही १९७२ पर्यंत विद्यालयाचे संचालन तिनेच केले. स्वत:चे कायमचे अध्यासन नसलेल्या, तिशीही न गाठलेल्या व्यक्तीने एका देशातील भौतिकीचे अध्यापन विद्यापीठांच्या चौकटीबाहेरून बदलावे, असे उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

लेझूश हे फ्रान्सच्या आग्नेय भागातील शामॉनी खोऱ्यातले, माँ ब्लाँ पर्वतासमोरचे गाव. विद्यालय गावाच्या वर, सु. १,१५० मी. उंचीवर आहे. प्रारंभी तेथे साधी लाकडी घरे होती आणि सत्र आठ आठवड्यांचे असे. विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवली जाई. व्याख्याते येऊन व्याख्यान देऊन जात नसत, तर काही आठवडे तेथेच राहत. एकाच पंगतीत जेवण आणि सुटीच्या दिवशी डोंगरांवर भटकंती असा क्रम असल्याने सकाळी फळ्यावर अर्धवट राहिलेले गणित संध्याकाळी वाटेत पुरे होई. ग्रंथालये व करमणुकीची साधने दूर असणे, ही अडचण नसून सोय ठरली. त्या काळात भौतिकीचे विद्यार्थी मोठ्या शहरांतही एकटे पडलेले होते. येथे त्यांना प्रथमच समानधर्मी मिळाले.

पहिल्या काही वर्षांत व्होल्फगांग पाउली, फेर्मी, रूडॉल्फ पायर्ल्स यांसारख्या शास्त्रज्ञांनी तेथे अध्यापन केले. फेर्मी १९५४ च्या उन्हाळ्यात आले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. विद्यार्थ्यांपैकी प्येर-झील द झेन (१९५३ चे सत्र) व क्लोद कोएन-तानूजी (१९५५ चे सत्र) यांना पुढे अनुक्रमे १९९१ व १९९७ मध्ये भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. अशा याद्यांवरून विद्यालयाचे मोल ठरविण्याची प्रथा आहे. वास्तविक फ्रान्समधील विद्यापीठांत पुढे अध्यापक झालेल्या सामान्य विद्यार्थ्यांनी आपल्या वर्गांत नवा विषय नेला, हे कार्य अधिक व्यापक होय.

या अध्यापनाचा लाभ उपस्थितांपुरता राहिला नाही. व्याख्यानांची टिपणे तयार करून प्रसृत केली जात आणि पुढे प्रत्येक सत्राचा ग्रंथ निघू लागला. घन अवस्थेच्या पुंज सिद्धांतावरील पायर्ल्स यांचा ग्रंथ (१९५५) येथील व्याख्यानांतूनच तयार झाला. १९६३ च्या सत्रात सापेक्षता सिद्धांत, गट सिद्धांत व संस्थिती यांचा एकत्र विचार झाला. १९६४ मध्ये रॉय ग्लॉबर यांनी प्रकाशाच्या कलासंबद्धतेच्या पुंज सिद्धांतावर दिलेली व्याख्याने पुंज प्रकाशकीचा पायाभूत पाठ मानली जातात. ग्लॉबर यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९७२ चे सत्र कृष्णविवरांवर होते. तेथे एकत्र आलेले जेम्स बार्डीन, ब्रँडन कार्टर व स्टीव्हन हॉकिंग यांनी कृष्णविवरांच्या यामिकीचे चार नियम मांडणारा निबंध तयार केला (प्रसिद्धी १९७३). अध्यापनासाठी भरलेल्या वर्गातून नवे ज्ञान निर्माण झाल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

प्रसार : लेझूशच्या पाठोपाठ इटालियन भौतिकी संस्थेने १९५३ मध्ये कोमो सरोवराकाठी व्हारेन्ना येथे विद्यालय सुरू केले; त्याला पुढे फेर्मी यांचे नाव देण्यात आले. कॉर्सिका बेटावरील कार्झेझ आणि सिसिलीतील एरीचे येथील विद्यालये त्यानंतरची. ऑस्ट्रियातील श्लाटमिंग या बर्फावरील खेळांच्या गावी ग्राट्स विद्यापीठाने १९६२ पासून हिवाळी विद्यालय भरविले आणि सुटी म्हणजे उन्हाळाच, हा संकेत मोडला. जेरूसलेम येथील सैद्धांतिक भौतिकीचे हिवाळी विद्यालय १९८३ पासूनचे आहे. लेझूशच्या इमारतीही पुढे हिवाळ्यात वापरण्याजोग्या करण्यात आल्या.

स्कॉटिश विद्यापीठांचे पहिले ग्रीष्म विद्यालय १९६० मध्ये एडिंबरोजवळील न्यूबॅटल ॲबी येथे भरले. भोजनाच्या वेळच्या मद्याची व्यवस्था ⇨ पीटर हिग्ज या तरुण अध्यापकाकडे होती. शेल्डन ग्लाशो, मार्टिनस व्हेल्टमन, निकोला काबिब्बो प्रभृती मंडळी त्यातल्या काही बाटल्या लपवून ठेवीत आणि रात्री उशिरापर्यंत चर्चा करीत. हिग्ज त्या बैठकांना नसत. त्यामुळे ग्लाशो यांच्या विद्युत्-दुर्बल आंतरक्रियांविषयीच्या कल्पना आपल्या कानी पडायच्या राहिल्या, असे त्यांनीच पुढे सांगितले. १९६४ मध्ये हिग्ज यांनी मांडलेली यंत्रणा याच सिद्धांताला पूर्णत्व देण्यास पुढे उपयोगी पडली. अशा विद्यालयांचे काम वेळापत्रकाबाहेर किती चालते, हे यावरून दिसते.

अर्थसाहाय्य व वाद : १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नाटो या लष्करी संघटनेच्या विज्ञान समितीने प्रगत अध्ययन विद्यालयांना अर्थसाहाय्य देण्याची योजना आखली. लेझूशचा नमुना तिच्यासमोर होता. या योजनेमुळे यूरोपात शेकडो विद्यालये भरू शकली, हे खरे. परंतु सदस्य राष्ट्रांच्या विद्यार्थ्यांना तीत प्राधान्य असल्याने ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाची व्याप्तीही तिने ठरविली. व्हिएटनाम युद्धाच्या काळात या पैशाविषयी उघड विरोध सुरू झाला. लष्करी निधीच्या प्रश्नावरून १९७० मध्ये आपली संशोधन संस्था सोडणारे गणितज्ञ अलेक्झांडर ग्रोथेंडीक यांनी १९७२ मध्ये अँटवर्प येथील विद्यालयात जाऊन नाटोच्या साहाय्याचा निषेध केला. निधी नाकारला असता तर विद्यार्थ्यांचेच नुकसान झाले असते, हा संयोजकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण ज्ञान कोणाच्या खर्चाने व कोणासाठी, हा प्रश्न त्याने सुटला नाही.

विकसनशील देशांच्या बाबतीत तो अधिक तीव्र होता. पाकिस्तानी भौतिकीविज्ञ ⇨ अब्दुस सलाम केंब्रिजहून परतल्यावर १९५१ ते १९५४ या काळात लाहोर येथे अध्यापन करीत होते. आपल्या विषयावर बोलण्यास तेथे कोणी नव्हते. पाउली मुंबईस आले असता त्यांच्या निरोपावरून सलाम भेटीस गेले आणि परतल्यावर विनापरवानगी गैरहजेरीबद्दल त्यांच्याकडे जाब विचारण्यात आला. अखेर देश किंवा भौतिकी यांपैकी एकाची निवड करणे त्यांना भाग पडले व ते इंग्लंडला गेले. ही निवड इतरांवर येऊ नये, म्हणून त्यांच्या प्रयत्नांनी १९६४ मध्ये इटलीतील त्रिएस्ते येथे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र स्थापन झाले. त्याच्या सहयोगी योजनेनुसार विकसनशील देशातील संशोधक ठराविक काळाने तेथे येऊन काही आठवडे वा महिने राहू शकतो आणि पुन्हा आपल्या विद्यापीठात परततो. केंद्राच्या दीर्घ हिवाळी अभ्यासवर्गांत आशिया व आफ्रिकेतील अनेकांचा जागतिक संशोधनाशी प्रथमच संबंध आला. १९६५-६६ मध्ये तेथे आयनद्रायू भौतिकीच्या निमित्ताने अमेरिकन व सोव्हिएट शास्त्रज्ञ दीर्घकाळ एकत्र काम करू शकले, ही शीतयुद्धाच्या काळातील लहान गोष्ट नव्हे.

भारत : भारतात या विद्यालयांचे ऋतुमान उलटे आहे. यूरोपात उन्हाळा म्हणजे उघडीप व प्रवासाचा काळ. येथे एप्रिल ते जूनच्या सुटीत मैदानी शहरांत बसून गणित करणे अवघड. म्हणून पहिली उन्हाळी विद्यालये थंड हवेची ठिकाणे शोधीत गेली. सैद्धांतिक भौतिकीचे असे एक विद्यालय १९५९ मध्ये मसुरीस भरले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने १९६१ मध्ये बंगलोर येथे भरलेल्या विद्यालयात मरी गेल-मान व रिचर्ड डालिट्झ यांनी मूलकणांवर व्याख्याने दिली. मूलकणांचे वर्गीकरण त्या वेळी नुकतेच आकार घेत होते. त्यामुळे येथील विद्यार्थ्यांना तो विषय ग्रंथबद्ध होण्यापूर्वीच ऐकावयास मिळाला. परदेशी अध्यापकांना सोयीचा काळ मात्र डिसेंबर–जानेवारीचा असतो आणि त्यामुळे भारतात हिवाळी विद्यालयांनाही वाव मिळाला. पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेले आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र लहान विद्यापीठांतील अध्यापक व विद्यार्थ्यांसाठी असे वर्ग नियमितपणे घेते. टाटा संस्थेचे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र (बंगळूरु, स्थापना २००७) हे तर प्रामुख्याने अशा कार्यक्रमांसाठीच उभारले आहे.

कालांतराने सत्रांची लांबी घटली. आठ आठवडे काम सोडून राहणे अध्यापकांना परवडेनासे झाले. लेझूशचे उन्हाळी सत्रही पूर्वीपेक्षा पुष्कळच आखूड झाले आहे आणि अन्यत्र एक-दोन आठवड्यांचे वर्ग रूढ झाले. इतक्या अवधीत अनेक विषयांचा परिचय होतो. एक विषय मुळापासून उभा राहत नाही, आणि विद्यालय व परिषद यांतील भेद पुसट होतो. २०२० मधील साथीच्या काळात बरीच विद्यालये रद्द झाली वा संगणकाच्या पडद्यावर भरली. प्रवासखर्च व परवान्यांअभावी एरवी वगळले जाणारे विद्यार्थी त्यांत सहभागी होऊ शकले. पंगत व डोंगरवाट मात्र त्यांना मिळाली नाही. लेझूशचे विद्यालय आता ग्रनॉबल विद्यापीठाशी संलग्न असून तेथे वर्षाच्या सर्व ऋतूंत सत्रे भरतात.