उपनगरांतील दिव्याचें मोल



तिन्हीसांजा अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथें घरोघर दिवे लागतात, तेव्हां हा प्रकाश कोठून येतो असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याचे उगम अनेक आहेत. परंतु उपनगरांत वीज प्रथम खेळूं लागली तेव्हां तिचा मुख्य उगम एकच होता, आणि तो म्हणजे सह्याद्रीवरचा पाऊस.

त्यापूर्वीं मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. घाटमाथ्यावरचें पाणी अडवून तें नळांतून खालीं सोडावें व त्याच्या जोरावर यंत्रें फिरवावीं, ही कल्पना जमशेटजी टाटांनीं मनावर घेतली. १९०४ सालीं ते निवर्तले. तरीही कार्य थांबलें नाहीं. १९१० सालीं कंपनी निघाली आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजकेंद्र सुरू झालें. त्यामागून १९२२ सालीं भिवपुरी व १९२७ सालीं भिरा. गिरण्यांप्रमाणेंच रेल्वेही ह्या विजेची गिऱ्हाईक झाली, आणि १९२८ च्या जानेवारींत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली. १९२९ सालीं स्थापन झालेली उपनगरी वीज कंपनी टाटांची वीज घाऊक घेऊन घरोघर पोंचवूं लागली.

ह्या विजेला धूर नव्हता; पण म्हणून तिला मोल पडलें नाहीं, असें मात्र नाहीं. भिऱ्याच्या केंद्रासाठीं मुळशी येथें धरण घातलें गेलें. पूर्वेकडे वाहून भीमेच्या खोऱ्यांत जाणारें मुळेचें पाणी डोंगरांतून पश्चिमेकडे, कोंकणांत वळविलें गेलें. ह्या धरणानें मावळांतील भाताचीं खाचरें, देवळें, पिढ्यान्‌पिढ्यांचीं घरें बुडणार होतीं. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट ह्याच लढ्यांत 'सेनापति' झाले. लढा १९२४ पर्यंत चालला. धरण मात्र झालेंच.

आतां आपल्या दाराशीं असलेलें दुसरें उदाहरण पहा. मुंबईला पिण्याचें पाणी मिळावें म्हणून १८६० सालीं विहार व १८७९ सालीं तुळशी हे तलाव बांधून झाले. तेथेंही खोरीं बुडालीं. पण पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालचें पाणलोट क्षेत्र राखावें लागलें. तें रान पुढें बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांत आलें, आणि एवढ्या मोठ्या नगरींत बिबळ्याला आजही आसरा आहे.

दोन्ही ठिकाणीं पाणीच अडविलें गेलें. मग फरक कशांत? तुळशीचें रान उजाड झालें असतें तर शहराच्याच घशाला कोरड पडली असती, म्हणून शहरानें तें राखलें. मुळशीचें शेत बुडालें तरी शहरांतील दिवा मंद होणार नव्हता. ज्याचें नुकसान आपल्याला जाणवत नाहीं, तें आपल्या हिशेबांतही येत नाहीं.

ही गोष्ट केवळ जुनी नव्हे. एकविसाव्या शतकांत भीमाशंकरच्या अभयारण्यालगत, शेकरूच्या रानाजवळ, पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वारा निर्धूर खरा. परंतु पातीं वर चढविण्यासाठीं डोंगरउतारावर रुंद रस्ते कापले गेले. झाडें गेलीं, दरडी सुटल्या, राडारोडा शेतांत व जलाशयांत उतरला. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०११ च्या अहवालांत हें स्पष्टपणें नोंदविलें आहे.

कोळशाचा धूर कमी व्हावयास हवा, यांत शंका नाहीं. ऊन, वारा व पाणी यांचीच कांस आपल्याला धरावी लागेल. पण वीज कशापासून काढावयाची ह्या प्रश्नाबरोबरच ती कोठें काढावयाची हाही प्रश्न विचारला पाहिजे. उपनगरांतील हजारों इमारतींच्या गच्च्या उन्हांत तापत असतां डोंगरमाथ्यावरील रान आधीं कां तोडावें? ज्याच्या घरीं दिवा लागतो, त्यानेंच प्रथम आपलें छप्पर पुढें करावें. मुळशीच्या शेतकऱ्याला त्या काळीं निवड करतां आली नाहीं. आपल्याला ती करतां येते.