बारामती-इंदापूरचे कागद व फिरते प्रदर्शन

मोरोपंतांनी (१७२९–१७९४) बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस काव्यरचना केली. मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले, असे ‘शिवभारत’ सांगते. या प्रांतीचे अस्सल कागद व पोथ्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मांडल्या जाव्या, हे आम्हांस इष्ट वाटते. मात्र तेच पान वर्षभर काचेखाली राहू नये. काजळाची शाई टिकते, परंतु उजेडाने कागद पिवळा व ठिसूळ होतो आणि हिंगुळाची तांबडी अक्षरे काळवंडतात. सबब दर तीन महिन्यांनी पाने पालटावी. यात आणखी एक लाभ आहे. आपला कागद धडधाकट परत आलेला पाहूनच दप्तराचा धनी दुसरा रुमाल सोडतो. न सुटलेला रुमाल अखेर कसरीच्याच मुखी पडतो.