बोलायचा परवाना

परवा नातवाचा पुण्याहून फोन आला. "आबा, मी आमच्या विद्यापीठातल्या हॅम रेडिओ क्लबात नाव घातलंय. आता सरकारी परीक्षा द्यायची, मग मला स्वतःचं कॉलसाइन मिळणार!" मी म्हटलं, "अरे, खिशात मोबाईल असताना हा खटाटोप कशाला?" तो म्हणाला, "आबा, 2019 विसरलात?"

विसरेन कसा? त्या ऑगस्टच्या पुरात पुण्याकडचा हायवे बंद, बिद्रीत वीज नाही, मोबाईल मुके. दोन दिवस आमची खुशाली पोरांना कळली नाही. हा तेव्हा सातवीत होता. सारखा नंबर लावत बसायचा, असं सूनबाईंनी नंतर सांगितलं.

मंडळी, आमच्या पिढीला रेडिओ म्हणजे ऐकायची वस्तू. त्या ऐकण्यालाही परवाना लागायचा, दरवर्षी पोस्टात पैसे भरावे लागायचे. 1980 च्या दशकात ते बंद झालं. पण सामान्य माणसाला बोलायचाही परवाना मिळतो हे मास्तर असून मला ठाऊक नव्हतं. मग वाचायला बसलो.

हा नाद जुना आहे. मुंबईच्या रेडिओ क्लबातल्या हौशी लोकांनी 1923 मध्येच कार्यक्रम प्रक्षेपित केले होते. ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं 1936 मध्ये. पुढे 1939 ला महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रज सरकारने हौशी लोकांचे परवाने बंद केले. यंत्रं गेली, पण शिकलेली विद्या कोण जप्त करणार?

ती कामी आली 1942 मध्ये. नेते तुरुंगात, वर्तमानपत्रांवर बंधनं. तेव्हा मुंबईत नरीमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याने ट्रान्समीटर उभा केला आणि 27 ऑगस्टला 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलू लागला. बोलणाऱ्यांत उषा मेहता होत्या, वय अवघं 22. पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून जागा सारख्या बदलत. अखेर 12 नोव्हेंबरला त्या पकडल्या गेल्या. पोलिसांना जागा दाखवली ती प्रिंटर यांनीच. हेही इतिहासात आहे, ते झाकून चालायचं नाही. उषाताई पुढे 1946 मध्ये सुटल्या.

त्यानंतर महिन्याभरात, 13 डिसेंबरला, आमच्या शेजारच्या गारगोटीच्या कचेरीवर हल्ला झाला आणि सात जण हुतात्मा झाले. वर्गात मी दरवर्षी त्यांची नावं सांगत आलो. पण त्याच वर्षी आपला आवाज लोकांपर्यंत पोचवण्यासाठी तुरुंगात गेलेल्या या मंडळींबद्दल एकदाही बोललो नाही. त्याची आज रुखरुख वाटते.

आता काळ बदलला. परवाना रीतसर मिळतो. पण त्यावर राजकारण बोलायचं नाही, गाणी लावायची नाहीत, धंदा करायचा नाही, गुप्त भाषा वापरायची नाही. बोलताना आपलं कॉलसाइन सांगायचं. म्हणजे बोलायला मोकळीक, पण ओळख लपवून नाही. मला हे आवडलं.

नातवाने आणखी एक सांगितलं. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' नावाचा उपग्रह बनवला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर. हॅम मंडळींचे निरोप इकडून तिकडे पोचवण्यासाठी. 22 जून 2016 ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 ने तो श्रीहरिकोट्याहून आकाशात नेला. पोरांच्या हातचं काम ते!

शेवटी मी विचारलं, "अरे, तू पुण्याहून बोलशील, पण इकडे बिद्रीत ऐकून उत्तर कोण देणार?" तो म्हणाला, "तेच तर, आबा! दोन्हीकडे परवाना हवा. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते."

असो. बारा वर्षं पूर्ण होऊन मला बराच काळ लोटलाय. पुस्तक पाठव म्हणून सांगितलंय. जन्मभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, आता एक देऊन बघतो.