पैजेची आकडेमोड : ब्रेंटफर्डपासून बास्केटबॉलपर्यंत

१९५१च्या सुरुवातीला ब्रेंटफर्ड फुटबॉल क्लबला दुसऱ्या डिव्हिजनमधून खाली घसरण्याची धास्ती होती. मॅनेजर जॅकी गिबन्स यांनी अर्धवेळ सल्लागार म्हणून ज्या माणसाला बोलावलं, तो व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळलेला नव्हता. चार्ल्स रीप हे रॉयल एअर फोर्समधले विंग कमांडर, कामाने हिशेबनीस. वर्षभरापूर्वी, १८ मार्च १९५० रोजी, स्विंडनच्या मैदानावर मध्यंतर झाल्यावर त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली होती आणि उत्तरार्धातली प्रत्येक चाल टिपून ठेवली होती : चेंडू कुठे मिळाला, किती पास झाले, शेवट कुठे झाला. पुढे आयुष्यभर त्यांनी हेच केलं. संध्याकाळच्या सामन्यांत वही दिसावी म्हणून ते खाणकामगाराचा दिवा डोक्याला बांधत. १९५८च्या वर्ल्ड कप फायनलची नोंद त्यांनी वॉलपेपरच्या गुंडाळीवर उतरवून काढली. ब्रेंटफर्ड १९५१ साली वाचलं.

ब्रेंटफर्ड तेव्हा मिडलसेक्समध्ये होतं. १९६५पासून ते हाउन्सलो बरोमध्ये आहे. हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या वाटेखालचं हे गाव. क्लबचं जुनं मैदान, ग्रिफिन पार्क, इतकं त्या वाटेखाली होतं की छतावर विमानातल्या प्रवाशांना दिसतील अशा जाहिराती रंगवलेल्या असत. मैदानाच्या चारही कोपऱ्यांवर एकेक पब. आज अमेरिकेत बास्केटबॉलच्या प्लेऑफवर पैसे लावण्याआधी लोक ‘दर शंभर पझेशनमागे (चेंडूच्या ताब्यांमागे) किती गुण’ असले तक्ते चाळतात. त्या सवयीचं एक मूळ मला या गल्लीत सापडतं, कारण संघाची ताकद निकालावरून न मोजता चालींवरून मोजायची, हा विचार इथे पगार घेऊन कामाला लागला होता.

रीप यांची चूकही समजून घ्यायला हवी, कारण ती आजही केली जाते. १९६८ साली त्यांनी बर्नार्ड बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञाबरोबर रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये फुटबॉलमधलं कौशल्य आणि योगायोग यांवर निबंध लिहिला. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासच्या चालींतून होतात, असं त्यांच्या नोंदी सांगत. त्यावरून रीप यांनी सल्ला दिला : चेंडू लांब मारा, पास कमी करा. पण त्यांच्याच नोंदींत ९० टक्क्यांहून अधिक चाली तीन पासच्या आतच संपत होत्या. म्हणजे ९० टक्के चालींतून ८० टक्के गोल, आणि उरलेल्या १० टक्क्यांहून कमी चालींतून २० टक्के. लांब चाली जास्त फळत होत्या! नोंद बिनचूक होती, पण भागाकार करताना छेद राहून गेला. इंग्लिश फुटबॉलच्या काही पिढ्या या राहिलेल्या छेदापायी चेंडू आकाशात मारत राहिल्या.

कौशल्य किती आणि योगायोग किती, हाच प्रश्न त्याआधीच मुंबईहून दिल्लीला गेला होता, मात्र पैशाच्या अंगाने. ‘आरएमडीसी’ची बक्षिसी शब्दकोडी मुंबई राज्यात खपत होती. ती जुगार की बुद्धीची स्पर्धा, यावर सुप्रीम कोर्टाने १९५७मध्ये निकाल दिला : ज्यात कौशल्याला खरा वाव नाही तो जुगार, आणि जुगाराला व्यापाराचं घटनात्मक संरक्षण नाही. त्याच काळात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावले जात. ते भाव येणं बंद झाल्यावर मडक्यातल्या चिठ्ठ्यांचा मटका आला. गिरणगावातली कितीतरी घरं त्या आकड्याने धुळीला मिळवली. मटक्याच्या आकड्याला मागचापुढचा काही संबंध नसतो, हे त्या घरांना कुणी समजावून सांगितलं नाही, उलट कालच्या आकड्यावरून आजचा काढून देणारे तज्ज्ञ गल्लोगल्ली होते. संघाच्या आकडेवारीचा मागोवा घेताना मी हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवतो. जिथे मोजण्यासारखं काही आहे तिथेच आकड्याला अर्थ.

बास्केटबॉलमध्ये मोजण्यासारखं भरपूर असतं, तरी छेद तिथेही उशिराच सापडला. १९४०च्या दशकात शिकागोचे चार्ल्स मॅकनील यांनी ‘पॉइंट स्प्रेड’ रुळवला असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. ते पूर्वी गणित शिकवत. कोण जिंकणार यावर नव्हे, किती गुणांनी जिंकणार यावर पैज. त्यामुळे पैज लावणाऱ्याला संघांमधलं अंतर मोजणं भाग पडलं. पण अंतर मोजायचं कशाने? वेगाने खेळणारा संघ ११५ गुण करतो आणि ११४ देतो. सावकाश खेळणारा १०० करतो आणि ९४ देतो. पहिल्याचं आक्रमण चांगलं दिसतं ते केवळ त्याच्या वाट्याला चेंडू जास्त वेळा येतो म्हणून. नॉर्थ कॅरोलिनात फ्रँक मॅग्वायर आणि डीन स्मिथ या प्रशिक्षकांनी दर पझेशनमागचे गुण मोजायला १९५०च्या दशकातच सुरुवात केली होती. २००४ साली डीन ऑलिव्हर यांचं ‘बास्केटबॉल ऑन पेपर’ आलं आणि ही मोजदाद सगळ्यांच्या हाती पडली.

ती हाताने करून बघण्यासारखी आहे. समजा, एका सामन्यात संघाने बास्केटकडे ८८ फेकी केल्या, २२ फ्री थ्रो घेतले, १३ वेळा चेंडू गमावला आणि स्वतःच्याच चुकलेल्या फेकीचे १० रिबाउंड परत मिळवले. ८८मध्ये फ्री थ्रोंचे ०.४४ पट, म्हणजे ९.७ मिळवायचे, गमावलेले १३ मिळवायचे, परत मिळवलेले १० वजा करायचे, कारण तिथे ताबा संपलाच नाही. उत्तर १०० पूर्णांक काही दशांश. संघाने ११३ गुण केले असतील तर शंभर पझेशनमागे ११२. तेच प्रतिस्पर्ध्याचं काढायचं आणि वजाबाकी करायची. फेकीची अचूकता (तीन गुणांच्या फेकीला दीडपट मान देऊन), गमावलेले चेंडू, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो, हे ऑलिव्हर यांचे चार घटक. त्यांतला पहिला त्यांनी सर्वांत वजनदार धरला.

फुटबॉलला एवढं भाग्य नाही. बास्केटबॉलमध्ये दोन्ही संघांना शंभरेक संधी मिळतात. फुटबॉलच्या अख्ख्या सामन्यात सरासरी तीनही गोल होत नाहीत. म्हणून फुटबॉलवर पैसे लावणाऱ्याला संभाव्यतेच्या गणिताकडे जावं लागलं. १९८२ साली मायकेल माहर यांनी प्रत्येक संघाला आक्रमणाचा एक आणि बचावाचा एक आकडा देऊन गोलांचा अंदाज बांधला. १९९७ साली लँकेस्टर विद्यापीठातले मार्क डिक्सन आणि स्टुअर्ट कोल्स यांनी त्यात ०-०, १-१ अशा कमी गोलांच्या निकालांसाठी दुरुस्ती केली, जुन्या सामन्यांचं वजन हळूहळू घटवत नेलं आणि बुकींच्या भावाशी ताडून पाहिलं. हा निबंध पुढच्या पिढीच्या सट्टा-कंपन्यांची बाराखडी ठरला.

या गणिताने जो दिलासा मिळतो तो फार थोडा असतो. एका संघाकडून दीड गोल अपेक्षित, दुसऱ्याकडून एक. ऐकायला मोठा फरक वाटतो. हिशेब केला तर वरचढ संघ जिंकण्याची शक्यता ४९ टक्के, बरोबरी २६, हार २५. आता बुकीचा भाव २.१० असेल, म्हणजे शंभर पौंडांवर जिंकल्यास २१० परत, तर सरासरीने शंभराचे १०३च्या आत-बाहेर होतात. ही तीन पौंडांची फट हेच या धंद्याचं सगळं भांडवल. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांच्या १९५६च्या सूत्राप्रमाणे एवढ्या फटीवर आपल्या गंगाजळीतले अडीच टक्क्यांच्या आसपासच लावावेत.

आणि ब्रिटनमध्ये ही फट बरीच वर्षं सरकारनेच बुजवून टाकली होती. सट्ट्याची दुकानं १९६१मध्ये कायदेशीर झाली, पण कराच्या नावाखाली दुकानदार गिऱ्हाइकाकडून नऊ टक्के कापून घेत. तीन टक्क्यांच्या फायद्यातून नऊ टक्के गेल्यावर उरतं काय? ऑक्टोबर २००१मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी तो कर काढून बुकींच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर बसवला. २०००मध्ये बेटफेअर सुरू झालंच होतं. तिथे पैज लावणारे परस्परांशीच भाव ठरवत. कागदावरचं गणित त्या दोन वर्षांत पोटापाण्याचं झालं, असं मला वाटतं. गणितज्ञांच्या हुशारीइतकंच श्रेय या करबदलाला द्यायला हवं.

मॅथ्यू बेनम नेमका तेव्हाच या धंद्यात उतरला. ऑक्सफर्डला भौतिकशास्त्र, मग लंडनच्या सिटीत वित्तक्षेत्रात नोकरी, २००१च्या सुमारास सट्टेबाज टोनी ब्लूम यांच्या हाताखाली प्रीमियर बेट या सट्टा-कंपनीत, आणि २००४मध्ये स्वतःची आकडेवारीची कंपनी, स्मार्टऑड्स. लहानपणापासून तो ब्रेंटफर्डचा पाठीराखा. क्लब अडचणीत होता तेव्हा त्याने पैसे दिले आणि २०१२मध्ये तो मालकच झाला. रीप यांच्यानंतर सहा दशकांनी ग्रिफिन पार्कमध्ये पुन्हा वही उघडली गेली, पण या वेळी छेदासकट.

त्याच्या लोकांचा मुख्य आधार म्हणजे ‘न्यायाचा तक्ता’. प्रत्यक्ष गुणांऐवजी, निर्माण केलेल्या आणि दिलेल्या संधींच्या प्रतीवरून संघ कुठे असायला हवा होता ते दाखवणारा. २०१३च्या एप्रिलमधला एक क्षण घ्या. हंगामाचा शेवटचा सामना, घरच्या मैदानावर डॉनकास्टरशी, जिंकलं तर थेट वरच्या डिव्हिजनमध्ये. भरपाईच्या वेळेत पेनल्टी मिळाली. मार्चेलो ट्रोटाची किक आडव्या दांड्याला लागली, चेंडू थेट दुसऱ्या टोकाला गेला आणि गोल डॉनकास्टरने केला. वर गेलं डॉनकास्टर. साधारण चारांपैकी तीन पेनल्टी आत जातात. त्या एका किकने संघ ना चांगला झाला ना वाईट. क्लबने निकालाच्या रागाने काही मोडतोड केली नाही, आणि पुढच्या वर्षी संघ वर गेलाच. हीच नजर खेळाडूंच्या बाजारातही कामी आली. फ्रान्समधून आणलेला नील मोपे, चौथ्या डिव्हिजनच्या पातळीवरच्या एक्सेटरमधला ऑली वॉटकिन्स, हे बाजाराने कमी भावात ठेवलेले लोक ब्रेंटफर्डने घेतले आणि कित्येक पटींनी विकले.

वरच्या डिव्हिजनमध्ये जाण्यासाठीच्या प्लेऑफमध्ये मात्र ब्रेंटफर्डचं नशीब फुटकंच होतं. २०२१च्या आधीचे नऊही प्रयत्न वाया गेले होते. ४ ऑगस्ट २०२० रोजी रिकाम्या वेम्ब्लीवर फुलहमच्या जो ब्रायनने जादा वेळेत फार लांबून मारलेली फ्री किक गोलकीपर डेव्हिड राया बेसावध असताना आत गेली. तसल्या किकला कोणत्याही तक्त्यात नगण्य किंमत असते. पुढच्या वर्षी, २९ मे २०२१ला, स्वॉन्सीविरुद्ध दहाव्या मिनिटाला आयव्हन टोनीने पेनल्टीवर गोल केला, मार्कोंडेसने दुसरा, आणि ७४ वर्षांनी ब्रेंटफर्ड पहिल्या श्रेणीत परतलं. दोन्ही हंगामांत संघ तिसराच आला होता. त्या दोन हंगामांत आकड्यांच्या दृष्टीने फारसा फरक नव्हता.

अमेरिकी बास्केटबॉलच्या एनबीए लीगमध्ये २००३पासून प्लेऑफची प्रत्येक फेरी सात सामन्यांची आहे. एका सामन्यात ६० टक्के शक्यता असणारा संघ चार सामने आधी जिंकण्याची शक्यता ७१ टक्क्यांवर जाते. म्हणून तिथे हंगामभराच्या आकडेवारीवर अधिक भार टाकता येतो, तरीही दहापैकी जवळजवळ तीन वेळा वरचढ संघ घरी जातो. शिवाय तो भार टाकण्याआधी आकडे सोलून घ्यावे लागतात. हंगामात दुबळ्या संघांविरुद्ध कमावलेलं अंतर काढायचं. निकाल लागून गेल्यावर राखीव खेळाडूंनी केलेले गुण काढायचे. प्लेऑफमध्ये मुख्य पाच-सहा जण जास्त मिनिटं खेळतात, तेव्हा संपूर्ण चमूची सरासरी वाचण्यापेक्षा हे पाच-सहा एकत्र असताना काय होतं ते पाहायचं. समोरचा संघ तीन गुणांच्या फेकी किती चुकला याचं श्रेय बचावाला द्यायचा मोह आवरायचा. त्यात नशिबाचा वाटा मोठा. त्या फेकी किती होऊ दिल्या, हे बचावाचं खरं काम. आणि हे सगळं केल्यावर जो आकडा येतो तो बुकीकडेही असतोच. भाव ठरवणाऱ्याला न दिसलेलं काही आपल्याला दिसलं आहे का, एवढाच प्रश्न उरतो, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर ‘नाही’ असतं.

हे ‘नाही’ पचवता येणारे थोडे. हाउन्सलोच्या हाय स्ट्रीटवर किंवा कुठल्याही इंग्लिश गावात सट्ट्याच्या दुकानात शिरणाऱ्या कामगाराच्या मागे स्मार्टऑड्स नसते. जो सतत जिंकू लागतो त्याचं खातं बुकी आखडून टाकतात, आणि जो हरतो त्याला मोफत पैजेची लालूच दाखवतात. याच दुकानांतल्या यंत्रांवर एप्रिल २०१९पर्यंत एका वेळी शंभर पौंड लावता येत. मग ती मर्यादा दोन पौंडांवर आली. त्या यंत्रात कौशल्य शून्य. ते मटक्याचंच भावंड, आणि ते इतकी वर्षं कायद्याच्या आश्रयाने चाललं याची मला चीड येते.

इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने १ ऑगस्ट २०१४पासून खेळाडू, प्रशिक्षक आणि क्लबच्या लोकांना जगात कुठल्याही फुटबॉलवर पैसे लावायला मनाई केली. मे २०२३मध्ये हा नियम २३२ वेळा मोडल्याबद्दल आठ महिन्यांची बंदी आली ती ब्रेंटफर्डच्याच टोनीवर. त्यातले बरेचसे प्रकार तो ब्रेंटफर्डला येण्याआधीचे होते. सुनावणीत तज्ज्ञाच्या साक्षीतून त्याच्या जुगाराच्या व्यसनाचं निदान पुढे आलं आणि त्यामुळे शिक्षा कमी झाली. जानेवारी २०२४मध्ये बंदी संपवून तो नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध उतरला आणि एकोणिसाव्या मिनिटाला फ्री किकवर गोल केला.