ऑप्टिमस प्राइम का मेला? खेळण्यांच्या कंपनीचा एक चित्रपट आणि साधनचिकित्सा

#थ्रेड

१/ ८ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत ‘द ट्रान्सफॉर्मर्स : द मूव्ही’ हा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला. १९८४ पासून दूरचित्रवाणीवर गाजत असलेल्या मालिकेतून तो निघाला होता. चित्रपट निम्माही झालेला नसताना त्या मालिकेचा नायक ऑप्टिमस प्राइम मरतो आणि शेवटपर्यंत परत येत नाही. हा मृत्यू का घडला, आणि अशा चित्रपटाचे मूल्यमापन इतिहासाच्या अभ्यासकाने कसे करावे, याविषयी हा थ्रेड.

२/ या चित्रपटावर सहसा दोनच निकाल दिले जातात. ज्यांचे बालपण त्यावर पोसले, त्यांच्या मते तो अभिजात आहे. इतरांच्या मते ती तिकीट लावून दाखवलेली जाहिरात आहे. बखर पूर्ण खरी किंवा पूर्ण खोटी ठरवून अभ्यासकाच्या हाती काही लागत नाही. ती कोणी लिहवून घेतली, कोणासाठी, कोणत्या काळात, हे विचारल्यावरच ती बोलू लागते. येथेही तेच प्रश्न विचारू.

३/ प्रथम उगम. या कथेत आधी खेळणी आली, पात्रे नंतर. ‘टाकारा’ ही जपानी कंपनी ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या नावांनी रूप बदलणारी यंत्रे विकत असे. अमेरिकेच्या ‘हॅस्ब्रो’ने त्यांचे हक्क घेतले आणि त्यांना कथा पुरवण्याचे काम ‘मार्व्हल कॉमिक्स’कडे सोपवले. बॉब बुडियान्स्की या संपादकाने बहुतेक पात्रांना नावे आणि स्वभाव दिले. ज्या ट्रकला जपानमध्ये आत बसून चालवणारा माणूस लागत होता, तो येथे स्वतःच विचार करणारा सेनापती झाला.

४/ आता कायद्याची पार्श्वभूमी. १९६९ मध्ये ‘हॉट व्हील्स’ या खेळण्यातल्या गाड्यांवर अमेरिकेत कार्टून मालिका आली. एका प्रतिस्पर्धी खेळणी उत्पादकाने तक्रार केली की, हा कार्यक्रम नसून जाहिरात आहे. तेथील संघीय दळणवळण आयोगाने ती तक्रार गांभीर्याने घेतली. पुढची दहा-बारा वर्षे खेळण्यावर बेतलेली मालिका काढणे हे जोखमीचे काम राहिले.

५/ १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी मार्क फाउलर यांना आयोगाचे अध्यक्ष नेमले. दूरचित्रवाणी संच हे घरातल्या इतर उपकरणांसारखेच एक उपकरण असून त्यावर काय दिसावे हे बाजाराने ठरवावे, अशी त्यांची भूमिका होती. १९८३ मध्ये ‘मॅटेल’च्या खेळण्यांवरची ‘ही-मॅन’ मालिका आली. १९८४ मध्ये आयोगाने जाहिरातींवरील जुनी बंधने शिथिल केली. पेगी चॅरेन यांच्या ‘ॲक्शन फॉर चिल्ड्रेन्स टेलिव्हिजन’ या संघटनेचा विरोध निष्फळ ठरला. सप्टेंबर १९८४ मध्ये ‘ट्रान्सफॉर्मर्स’ सुरू झाली.

६/ म्हणजे चित्रपटाचा खरा पाया नियमबदलाने घातला होता. त्याच १९८६ च्या उन्हाळ्यात ‘हॅस्ब्रो’च्याच खेळण्यांवरचा ‘माय लिटल पोनी’ हाही चित्रपटगृहांत आला. दोन वेगळ्या ग्राहकवर्गांसाठी, एकाच कंपनीचे, एकाच हंगामातले हे दोन चित्रपट होते.

७/ आता अंतर्गत पुरावा. कथा २००५ सालात घडते. सुरुवातीच्याच हल्ल्यात प्राउल, रॅचेट, आयर्नहाइड हे जुने ऑटोबॉट मारले जातात. हे सगळे १९८४ च्या पहिल्या खेपेतले खेळणे होते. त्यांच्या जागी हॉट रॉड, कप, अल्ट्रा मॅग्नस येतात. मेगाट्रॉनचा गॅल्व्हाट्रॉन होतो. ही १९८६ ची नवी खेळणी. दोन वर्षांचे विक्रीतक्ते शेजारी ठेवले की, रणांगणावर कोण पडणार हे आधीच वाचता येते.

८/ निर्मात्यांच्या साक्षीही याला दुजोरा देतात. ऑप्टिमसला मारण्यास आपला विरोध होता, असे पटकथाकार रॉन फ्रीडमन यांनी नंतर सांगितले. कथा-सल्लागार फ्लिंट डिल यांनीही कबूल केले की, जुना माल हटवून नवा आणण्यापलीकडे त्या वेळी विचार झाला नव्हता. हे पात्र मुलांसाठी काय आहे, याची निर्णय घेणाऱ्यांना कल्पनाच नव्हती.

९/ येथे थांबलो तर ‘चित्रपट म्हणजे जाहिरात’ हा निकाल सिद्ध झाला असे वाटेल. पण विरोधी पुरावाही नोंदवला पाहिजे. चित्रपटातील मुख्य स्त्री-पात्र आर्सी हिचे खेळणे त्या दशकात निघालेच नाही. ग्रह गिळणारा महाकाय युनिक्रॉन हा सगळ्या कथेचा आधार, पण त्याचे खेळणे दुकानात यायला २००३ साल उजाडले. सगळेच विक्रीसाठी असते, तर असे घडते ना.

१०/ शिवाय मृत्यूचा प्रसंग पाहा. तो उरकून टाकलेला नाही. दिग्दर्शक नेल्सन शिन आणि जपानच्या ‘तोएई’ स्टुडिओतील चित्रकारांनी त्याला अवधी दिला आहे. सहकारी भोवती उभे आहेत, नायक नेतृत्वाचे चिन्ह पुढच्याच्या हाती देतो आणि त्याच्या देहाचे लाल-निळे रंग विझून राखाडी होतात. आवाज पीटर कलन यांचा. व्हिएतनाम युद्धात लढलेल्या आपल्या थोरल्या भावावरून आपण तो आवाज घडवला, असे कलन यांनी अनेकदा सांगितले आहे. आदेश होता जुना माल हटवण्याचा. कलावंतांनी मात्र एका वडीलधाऱ्याचा मृत्यू उभा केला.

११/ दोषही स्पष्ट आहेत. त्या प्रसंगानंतर चित्रपट एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर धावत सुटतो. नव्या नायकाला, म्हणजे हॉट रॉडला, वाढायला वेळच मिळत नाही. ऑर्सन वेल्स यांनी युनिक्रॉनला दिलेला आवाज ही त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक नोंद. १० ऑक्टोबर १९८५ रोजी, म्हणजे चित्रपट येण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. पण त्या आवाजाला साजेसे संवाद त्यांच्या वाट्याला फारसे आले नाहीत.

१२/ आता प्रेक्षक. मुले चित्रपटगृहांत रडली, कंपनीकडे निषेधाची पत्रे गेली. आणि येथे एक दुर्मीळ गोष्ट घडली : ग्राहकांच्या दुःखाने उत्पादकाला माघार घ्यायला लावली. ‘जी. आय. जो’ या भावंड-मालिकेच्या १९८७ च्या चित्रपटात ड्यूक या नायकाचा मृत्यू ठरला होता. दृश्य तसेच ठेवून, तो केवळ कोमात गेला आहे, असे संवादातून सांगण्यात आले. त्याच वर्षी मालिकेत ऑप्टिमसही जिवंत झाला.

१३/ पाठभेदही बोलके आहेत. ब्रिटनमधील प्रतीत शेवटी निवेदक आश्वासन देतो की, ऑप्टिमस परत येईल. अमेरिकी प्रतीत हे नाही. जपानमध्ये तर मालिकेचे पुढचे पर्व १९८६ मध्येच सुरू झाले आणि चित्रपट मात्र १९८९ मध्ये पोहोचला. नायकाचा मृत्यू कसा झाला, हे तिथल्या मुलांना तोवर पाहायला मिळाले नव्हते. त्या काळातल्या एका व्हिडिओ गेमचे नावच ‘कॉन्व्हॉयचे रहस्य’ असे आहे. कॉन्व्हॉय हे ऑप्टिमसचे जपानी नाव.

१४/ हिशेब? सुमारे ६० लाख डॉलर खर्च आणि अमेरिकेत सुमारे ५८ लाखांची तिकीटविक्री. म्हणजे तिकीटबारीवर अपयश. १९९० मध्ये अमेरिकी काँग्रेसने मुलांच्या दूरचित्रवाणीविषयी कायदा केला. जाहिरातींना तासाला शनिवार-रविवारी साडेदहा आणि इतर दिवशी १२ मिनिटांची मर्यादा आली. खेळण्यांवर बेतलेल्या मालिका मात्र बंद झाल्या नाहीत. त्या आजही चालू आहेत.

१५/ मग निकाल काय? कथा म्हणून हा चित्रपट विस्कळीत आहे, आणि त्यातील एक प्रसंग मोठा आहे. साधन म्हणून तो अव्वल दर्जाचा आहे, कारण बाजार, सरकारी धोरण, कलावंतांचे कसब आणि मुलांचे मन ही चारही सूत्रे त्यात एकत्र गुंफलेली दिसतात. २००७ च्या चित्रपटात ऑप्टिमससाठी पुन्हा कलन यांचाच आवाज घेण्यात आला. १९८६ मध्ये ज्या पात्राची विक्रीतक्त्यातली किंमत संपली होती, त्याची खरी किंमत मुलांनी ठरवली होती.

१६/ म्हणून ‘कंपनीने पैशासाठी केले’ हे वाक्य खरे असूनही अपुरे आहे. ते हेतू सांगते, परिणाम सांगत नाही. आणि ‘आम्ही रडलो म्हणून ते थोर’ हे वाक्य परिणाम सांगते, हेतू झाकते. ज्या दुःखाला कोणीतरी विक्रीसाठी जन्म दिला, ते दुःख खोटे ठरत नाही. पण ते कोठून आले, हे जाणून घेण्याची जबाबदारी मोठेपणी आपल्यावर येते.

१७/ तुमच्या लहानपणीच्या कोणत्याही कार्टून मालिकेवरचा चित्रपट घ्या आणि तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाचा होता? कोणत्या नियमाने, किंवा नियमाच्या अभावाने, तो शक्य झाला? आणि पाहणाऱ्यांनी त्यातून असे काय घेतले, जे देणाऱ्याच्या मनातही नव्हते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही कंपनीच्या दप्तरात सापडणार नाही. तो पुरावा तुमच्यापाशी आहे. तो लिहून ठेवा.