बिनबंदुकीची स्क्वाड्रन

अकोल्याजवळच्या शिवणीची धावपट्टी १९४३ ची. त्याच्या आदल्या वर्षी, मार्चमध्ये, रंगून जपान्यांच्या हाती गेलं होतं आणि देशभर घाईघाईनं धावपट्ट्या बांधल्या जात होत्या. वऱ्हाडानं महायुद्ध पाहिलं ते महागाईतून, रेशनमधून आणि अशा एखाद्या धावपट्टीतून. प्रत्यक्ष युद्धाकडे पाहणारी विमानं उडत होती ती दूर, कलकत्त्याच्या डमडमवरून. त्यांच्यावर बंदूक नव्हती. कॅमेरे होते.

हवाई टेहळणीच्या फोटोंचं तंत्र ब्रिटिशांनी १९३९-४० मध्ये बसवलं. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकानं राबवलेली कल्पना अशी की, स्पिटफायरमधून बंदुका काढा, जास्तीचं इंधन भरा, विमानाला आभाळाचा रंग द्या आणि लढायच्या भानगडीत न पडता उंचावरून फोटो काढून परत या. वरिष्ठांना हे पळपुटेपणाचं वाटलं असेल तर नवल नाही. त्याच तालमीची एक तुकडी १९४२ मध्ये हिंदुस्थानात उभी राहिली. जानेवारी १९४३ मध्ये तिची ६८१ वी स्क्वाड्रन झाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जोडीला ६८४ वी आली. पहिलीकडे मुख्यतः स्पिटफायर, दुसरीकडे लाकडी मॉस्किटो. मॉस्किटोला इथली हवा मानवली नाही. १९४४ च्या अखेरीस काही विमानं हवेतच मोडली आणि उरलेली तपासणीसाठी जमिनीवर ठेवावी लागली. तरीही ब्रह्मदेशाचे रेल्वेमार्ग, पूल, बंदरं या दोन स्क्वाड्रननी वरून टिपली. जनरल स्लिमच्या चौदाव्या ब्रिटिश सैन्याला रंगूनपर्यंतच्या वाटेची माहिती पुरवणाऱ्यांत त्यांचा मोठा वाटा होता. युद्ध संपलं, क्रमांक बदलले आणि फाळणीपर्यंत हा सगळा पसारा इथून उठला.

भारतीय वायुदलाची दूरवरच्या टेहळणीची खास स्क्वाड्रन १९५९ मध्ये उभी राहिली. क्रमांक १०६, ठिकाण आग्रा, काम सामरिक हवाई छायाचित्रण. १९५७ मध्ये भारतानं ब्रिटनकडे कॅनबेरा जेट विमानं मागवली होती. त्यांत बॉम्बर ५४, पण फोटो काढणारी पीआर-५७ जातीची फक्त आठ. पुढची अनेक वर्षं देशाची दूरवरची नजर या मोजक्या विमानांवर अवलंबून होती. पुण्याच्या लोहगावला कॅनबेरा बॉम्बर होती, त्यामुळं मराठी मुलखाला या विमानाचा आवाज ओळखीचा. आग्र्याच्या भावंडांबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नसे, आणि बोलू नये हीच अपेक्षा होती.

विमानात दोघंच, वैमानिक आणि नेव्हिगेटर. काम आल्यावर नेव्हिगेटर पुढच्या काचेच्या नाकाडात पालथा पडून खालची रेघ धरायचा. फोटो घेताना विमान सरळ आणि सपाट उडवावं लागतं, वळवळ केली की पट्टी वाया जाते. म्हणजे शत्रूच्या तोफांना जे हवं असतं नेमकं तेच करायचं, आणि तेही उलट गोळी झाडायची सोय नसताना. बचाव दोनच, उंची आणि वेग. १९५९ च्या एप्रिलमध्ये, ऐन ईदच्या दिवशी, तो बचाव तोकडा पडला. रावळपिंडीजवळ पाकिस्तानी सेबर विमानानं भारताचं टेहळणी कॅनबेरा पाडलं. स्क्वाड्रन लीडर सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट रामपाल बाहेर उडी घेऊन वाचले आणि पुढं मायदेशी परतले. युद्ध जाहीर नव्हतं, तरी या कामात शांततेचा काळ असा नसतोच.

फोटो काढला म्हणजे काम झालं असं समजणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. खरं काम फिल्म धुतल्यावर सुरू होतं. सहा इंची भिंगानं तीस हजार फुटांवरून घेतलेल्या फोटोत जमीन साठ हजार पटींनी लहान होते. आपलं लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद. अशा फोटोत ते जेमतेम तीन सेंटिमीटरचं वर्तुळ होईल. एकट्या फोटोत तो टेकडीचा माथा आहे की खड्डा, हेही पटकन सांगता येणार नाही. म्हणून पट्टीतला प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर साठेक टक्के चढवून घेतात. एकच जागा दोन वेगळ्या बिंदूंवरून टिपली जाते, ती जोडी स्टिरिओस्कोपखाली ठेवली की डोळ्यांना खोली दिसू लागते आणि लोणार एकदम खाली बसतं. उंचसखलपणा मोजता येतो. सावलीच्या लांबीवरून उंची, चाकोऱ्यांवरून वर्दळ, आणि कालच्या फोटोशी ताडून पाहिलं की नवं काय आलं तेही कळतं. जिनिंगच्या आवारात कापसाच्या किती गंज्या लागल्यात हे पाहून हंगाम कुठवर आला ते आपल्याकडचा कुणीही सांगेल. फोटो वाचणारा तेच करतो, फक्त त्याच्या गंज्या म्हणजे रणगाडे आणि दारूगोळ्याचे साठे. हा माणूस कुठं उडत नाही, त्याला शौर्यपदकं मिळत नाहीत. मला विचाराल तर अशा स्क्वाड्रनचा अर्धा इतिहास त्याच्या टेबलावर घडतो. आणि उरलेला, दुर्दैवानं, त्याचा अहवाल ज्यांच्या टेबलावर जातो त्यांच्याकडे.

१९६० ते १९६२ हा त्याचा पुरावा. स्क्वाड्रन लीडर जगमोहन नाथ, सगळ्यांचे जग्गी नाथ, या काळात अक्साई चीन आणि तिबेटवर पुन्हा पुन्हा उडाले. चीननं अक्साई चीनमधून शिनच्यांग-तिबेट रस्ता १९५७ पर्यंत पुरा केला होता. त्या रस्त्यानं पुढं काय काय येतंय हे पाहायचं काम नाथांचं. खाली अनोळखी बर्फाळ डोंगर, हवामानाचा भरवसा नाही, सोबतीला लढाऊ विमान नाही. कधी दिवसा, कधी रात्री. फोटो मिळत होते. त्यांत चिनी फौजांची जमवाजमव दिसत होती.

मग ऑक्टोबर १९६२ उजाडला. चिनी फौजा उतरल्या आणि जे झालं ते सर्वांना ठाऊक आहे. वायुदलाची वाहतूक विमानं आणि हेलिकॉप्टरं राबली, पण लढाऊ विमानं आणि बॉम्बर वापरायची परवानगी मिळाली नाही. चीननं उलट आपल्या शहरांवर बॉम्ब टाकले तर काय, ही भीती होती. नाथ म्हातारपणी मुलाखतींतून सांगत राहिले की तिबेटमध्ये चिनी हवाई ताकद तेव्हा नावालाच होती, आणि आपल्या फोटोंवर विश्वास ठेवला असता तर युद्ध वेगळं झालं असतं. 'वेगळं झालं असतं' हे इतिहासात सिद्ध करता येत नाही. त्यामुळं त्यांचं दुसरं म्हणणं मी बाजूला ठेवतो. पहिलं मात्र जड आहे, कारण ते अंदाजावर नव्हे, फिल्मवर उभं आहे. दिल्लीत ज्या गृहीतकावर निर्णय झाला ते तपासायचं साधन दिल्लीकडेच होतं. या कामगिरीसाठी नाथांना महावीरचक्र मिळालं. ज्याचं ऐकलं नाही त्याला पदक द्यायचं, हे सरकारी रीतीला धरूनच झालं.

पराभवामुळं संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण त्यांच्या जागी दिल्लीला पोचले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण इतक्यांदा म्हटलंय की त्यापुढचं काम झाकलं गेलं. १ सप्टेंबर १९६५ ला छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले, तेव्हा एअर मार्शल अर्जनसिंग यांनी परवानगी मागितली आणि चव्हाणांनी त्याच संध्याकाळी वायुदल वापरायला होकार दिला. १९६२ शी तुलना केली तर फरक विमानांत फारसा नव्हता, होकारात होता. १९६५ च्या लढाईत नाथ दिवसाढवळ्या, एकटेच, शस्त्र नसलेल्या विमानातून पाकिस्तानात खोल जात होते. लाहोरजवळच्या इच्छोगिल कालव्यापलीकडे काय आहे हा लष्कराचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर फोटोत हवं होतं. या वेळी फोटो वाचले गेले आणि मानलेही गेले. नाथांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं. दोनदा हा सन्मान मिळवणारे ते पहिले.

१९७१ मध्ये स्क्वाड्रनचं नेतृत्व होतं विंग कमांडर रमेश सखाराम बेनेगल यांच्याकडे. या माणसाची गोष्ट कादंबरीकाराला सुचली असती तर संपादकानं ती अतिशयोक्त म्हणून परत केली असती. जन्म १९२६ चा, रंगूनमधला. शाळकरी वयात जपानी बॉम्ब पाहिले, मग आझाद हिंदच्या चळवळीत ओढले गेले, आणि नेताजींनी जपानला प्रशिक्षणासाठी पाठवलेल्या निवडक मुलांत त्यांचा नंबर लागला. तिथं जपानी लष्करी हवाई अकादमीत त्यांनी धडे घेतले. डमडमवरून उडणारी ब्रिटिश विमानं रंगूनचे फोटो काढत होती, त्या वर्षांत रंगूनचा हा मुलगा समोरच्या बाजूकडून विमानविद्या शिकत होता. युद्धानंतर तो भारतात आला, वायुदलात शिरला आणि अखेर त्याच विद्येच्या भारतीय स्क्वाड्रनचा प्रमुख झाला.

डिसेंबर १९७१ चं युद्ध तेरा दिवसांचं. एवढ्या थोड्या काळात फोटो सकाळचा असला तरी संध्याकाळी शिळा होतो. हल्ल्याआधी लक्ष्य दाखवायचं आणि हल्ल्यानंतर खरंच किती नुकसान झालं ते पाहायचं, असं दुहेरी काम असतं. यातलं दुसरं काम वैमानिकांना फारसं आवडत नाही, कारण कॅमेरा बढाई मान्य करत नाही. बेनेगल स्वतः कडेकोट बंदोबस्ताच्या लक्ष्यांवर पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही आघाड्यांवर उडाले. त्यांनी आणलेली माहिती भूदल, नौदल आणि वायुदल तिघांच्या आखणीत वापरली गेली. त्यांनाही महावीरचक्र मिळालं. एकही गोळी न झाडणाऱ्या स्क्वाड्रनकडे तीन महावीरचक्रं जमली.

पुढची वर्षं भराभर सांगता येतील. १९८१ मध्ये बरेलीला मिग-२५ आली. आवाजाच्या जवळजवळ तिप्पट वेगानं उडणाऱ्या त्या रशियन विमानापुढं कॅनबेरा म्हातारं दिसू लागलं, मग उपग्रह आले, वैमानिकाविना उडणारी विमानं आली. तरी २१ मे १९९९ ला कारगिलच्या डोंगरांवर काय चाललंय ते पाहायला पाठवलं ते कॅनबेराच. स्क्वाड्रन लीडर पेरुमल आणि नेव्हिगेटर स्क्वाड्रन लीडर झा यांच्या विमानाच्या उजव्या इंजिनाला क्षेपणास्त्र लागलं. एका इंजिनावर त्यांनी विमान श्रीनगरला उतरवलं. शत्रू डोंगरावर क्षेपणास्त्र घेऊन बसलाय, ही बातमी त्या इंजिनानंच खाली आणली म्हणायची. ११ मे २००७ ला आग्र्यालाच कॅनबेरा निवृत्त झालं, पन्नास वर्षं सेवा करून. मिग-२५ आदल्याच वर्षी गेलं होतं. १०६ व्या स्क्वाड्रनकडे एचएस-७४८, म्हणजे ज्याला सगळे अॅव्रो म्हणतात ते विमान उरलं.

लढाईबाहेरही या विद्येला भरपूर काम होतं, आणि त्यात आपला संबंध थेट येतो. स्वातंत्र्यानंतर भारतीय सर्वेक्षण विभागानं देशाचे नकाशे नव्यानं केले ते मोठ्या प्रमाणावर हवाई फोटोंवरून, आणि असे फोटो घेण्याचं काम वायुदलाकडेही असे. १:२,५०,००० च्या त्या शीटांत अमरावती '५५ एच' मध्ये, चिखलदरा आणि गाविलगड '५५ जी' मध्ये, तर अकोला '५५ डी' आणि '५५ एच' यांच्या शिवेवर बसतं. नागपूरच्या अमरावती रोडवरच्या, १९७६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोमध्येही जमिनींचे प्रकार आखायला हवाई फोटो आणि पुढं उपग्रहचित्रं वापरली गेली. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात कुठं विहीर खणू नये, मेळघाटात कुठल्या नाल्यावर बांध घालता येईल, असल्या प्रश्नांना हीच दृष्टी लागते. फोटो काढणारा बदलतो, वाचायची रीत तीच. पण कितीतरी वर्षं हे फोटो संरक्षण मंत्रालयाच्या परवानगीशिवाय हाती लागत नसत. अनेक नकाशांवरही निर्बंध होते. आपल्याच वावराचा धुरा वरून कसा दिसतो ते पाहायला शेतकऱ्याला दिल्लीचा शिक्का लागावा, हे जरा अतीच होतं.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं संरक्षणासाठी एक आणि लोकांसाठी एक अशा दोन मालिका वेगळ्या केल्या. २०१७ पासून लोकांच्या मालिकेतले नकाशे सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवरून फुकट उतरवून घेता येतात, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये खासगी मोजणीवरचे बरेच निर्बंध उठले. जग्गी नाथ २०२३ मध्ये गेले. बासष्टच्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल १९६३ मध्ये सादर झाला. त्याचा काही भाग २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं जगापुढं मांडला, पण सरकारनं तो अधिकृतपणे खुला केलेला नाही. अमरावतीचा नकाशा आता कुणालाही मिळतो. तो अहवाल मिळत नाही.